उत्तरदायित्व विम्याचा प्रस्ताव कसा तयार करावा: खानदेशातील उद्योजक आणि विमा सल्लागारांसाठी

जळगाव, धुळे, शिरपूर किंवा नवापूरच्या औद्योगिक वसाहतीतील बहुतेक कारखान्यांकडे आगीची पॉलिसी असते, कारण कर्ज मंजूर करताना बँक ती मागते. उत्तरदायित्वाचा विमा, म्हणजे रोजच्या बोलण्यातली लायबिलिटी पॉलिसी, मात्र सहसा एखाद्या मोठ्या खरेदीदाराने अट घातल्यावरच घेतला जातो, तोही घाईघाईत आणि कमीत कमी हप्ता सांगणाऱ्या कंपनीकडून. आगीच्या पॉलिसीत आपल्या मालमत्तेची किंमत आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे नुकसानीची वरची मर्यादा आधीच कळते. उत्तरदायित्वाच्या विम्यात दुसऱ्याच्या जिवाचे, शरीराचे किंवा मालमत्तेचे जे नुकसान आपल्यामुळे झाले आणि ज्याची भरपाई कायद्याने आपल्यावर येते, त्याचा प्रश्न असतो. तो दुसरा कोण असेल आणि किती मागेल, हे पॉलिसी घेताना कोणालाच माहीत नसते. म्हणूनच जोखीम स्वीकारायची की नाही आणि कोणत्या अटींवर, हे ठरवणारा विमा कंपनीतील अधिकारी, म्हणजे अंडररायटर, या प्रस्तावांकडे अधिक संशयाने पाहतो. गेल्या काही वर्षांत त्याचे प्रश्न वाढले आहेत आणि वगळणुकींची, म्हणजे पॉलिसीत न धरलेल्या गोष्टींची, यादीही लांबली आहे. त्या प्रश्नांची तयारी अर्ज भरण्याआधी करणे हेच या विम्यातले खरे काम आहे.

पहिली पायरी: कुंपणाबाहेर काय जाते ते लिहून काढा

प्रस्ताव अर्जात ‘व्यवसायाचे स्वरूप’ असा एक रकाना असतो आणि तेथे बहुतेक जण दोन शब्द लिहून मोकळे होतात: ‘पाईप उत्पादन’, ‘डाळ मिल’, ‘मसाले व्यापार’. अंडररायटरला हे दोन शब्द पुरत नाहीत. पुरेशी माहिती नसेल तर तो त्या वर्गातला सर्वांत वाईट कारखाना डोळ्यांपुढे ठेवतो आणि त्यानुसार हप्ता आकारतो किंवा प्रस्तावच परत पाठवतो. म्हणून अर्जासोबत दोन-तीन पानांचे स्वतंत्र टिपण जोडावे. कारखान्यातून माल, माणसे, सांडपाणी, धूर, वाहने आणि माहिती या गोष्टी कुंपणाबाहेर कोठे जातात आणि तेथे कोणाचे काय बिघडवू शकतात, हे त्यात सरळ भाषेत लिहावे.

समजा, धुळ्याजवळ सरकी किंवा सोयाबीनचे तेल काढणारा सॉल्व्हंट प्लांट आहे. तेथे हेक्झेन हे अत्यंत ज्वालाग्राही द्रव्य वापरले जाते. टिपणात साठा किती, टाकीपासून शेजारची वस्ती आणि रस्ता किती अंतरावर, गळती ओळखणारे यंत्र कोठे बसवले आहे, मागची मॉक ड्रिल कधी झाली आणि तिच्यात गावातली माणसे सहभागी होती का, हे आले पाहिजे. केळीच्या शीतगृहात अमोनिया वापरला जात असेल तर तोच तपशील त्याच्याबाबतही द्यावा. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रसायनाच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात दहाहून अधिक जणांचे जीव गेले. मे २०२० मध्ये विशाखापट्टणम येथे स्टायरीन वायूची गळती झाली आणि कारखान्याशी काहीही संबंध नसलेली, घरात झोपलेली माणसे दगावली. अशा घटनांनंतर ‘लोकवस्तीपासूनचे अंतर’ हा प्रश्न औपचारिक राहिलेला नाही. उपग्रहाचे छायाचित्र आता कोणालाही मोबाइलवर दिसते, त्यामुळे कागदावर पाचशे मीटर आणि नकाशावर साठ मीटर असा फरक अंडररायटरच्या लगेच लक्षात येतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. विम्याचा करार परमविश्वासाचा मानला जातो. जोखमीवर परिणाम करणारी माहिती विचारली नसली तरी सांगावी लागते, आणि ती दडवली असे पुढे सिद्ध झाले तर दावा नाकारला जाऊ शकतो. ‘एवढे सगळे लिहिले तर हप्ता वाढेल’ असे सांगणारा सल्लागार आपल्या हिताचा नाही.

दुसरी पायरी: कायद्याने सक्तीचे काय, ते वेगळे काढा

भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर आणि दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांवर निरपवाद उत्तरदायित्व टाकल्यानंतर सार्वजनिक उत्तरदायित्व विमा कायदा १९९१ आला. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाला हा विमा काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावा लागतो. अपघातात दोष कोणाचा हे सिद्ध न करताही बाधितांना जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मदत मिळते, आणि हप्त्याइतकीच रक्कम मालकाला पर्यावरण साहाय्य निधीतही भरावी लागते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने यातील शिक्षेच्या तरतुदी बदलल्या, म्हणून जुन्या पुस्तिकेवर विसंबू नये. ही सक्तीची पॉलिसी म्हणजे तातडीच्या मदतीची सोय आहे. बाधिताने नंतर दिवाणी न्यायालयात किंवा राष्ट्रीय हरित लवादाकडे मोठी भरपाई मागितली तर त्यासाठी वेगळी औद्योगिक सार्वजनिक उत्तरदायित्व पॉलिसी लागते. दोन्हींच्या नावांत साम्य असल्यामुळे ‘आमच्याकडे पब्लिक लायबिलिटी आहे’ या एका वाक्यावर बरेच कारखानदार निश्चिंत राहतात.

कामगारांच्या बाबतीतही चित्र बदलले आहे. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघातही ठरावीक अटींवर कामाच्या ओघातला मानण्याची तरतूद तिच्यात आहे. जिनिंगच्या हंगामात सातपुड्याच्या पाड्यांवरून येणारे मजूर, रात्रपाळी संपवून दुचाकीने गावी जाणारे कंत्राटी कामगार आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला असताना पत्र्याच्या शेडमध्ये पोती उचलणारे हमाल, हे सगळे कामगारांच्या भरपाईच्या पॉलिसीच्या यादीत आहेत का, ते तपासावे. ज्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे त्यांची भरपाई त्या योजनेतून होते. उरलेल्यांची संख्या आणि खरे वेतन अर्जात द्यावे. वेतन कमी दाखवून हप्ता वाचवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण दाव्याच्या वेळी हजेरीपट आणि वेतनपट सर्व्हेअरसमोर, म्हणजे नुकसान तपासणाऱ्यासमोर, ठेवावे लागतात.

वाहतुकीबद्दल थोडक्यात एवढेच की ट्रकची थर्ड पार्टी पॉलिसी ट्रकने दुसऱ्याला केलेल्या इजेसाठी असते. ट्रकमधील ग्राहकाच्या मालासाठी वाहतूकदाराला वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

तिसरी पायरी: उत्पादनाचा प्रवास शेवटच्या वापरणाऱ्यापर्यंत न्या

खानदेशापुरते बोलायचे तर सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत वेगाने वाढणारी जोखीम ही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि उत्पादन उत्तरदायित्वासाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आले. सदोष उत्पादनामुळे इजा झाली तर उत्पादक, सेवा देणारा आणि काही परिस्थितीत विक्रेताही त्याच्या कक्षेत येतो. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर आपला शिक्का मारून विकणाऱ्या जळगावच्या व्यापाऱ्याला ‘मी फक्त विकतो’ असे म्हणता येत नाही. वापराच्या अपुऱ्या सूचना हाही दोषच ठरतो, त्यामुळे लेबलवरचा मजकूर अंडररायटर मागू लागले आहेत.

नंदुरबार आणि दोंडाईच्याच्या मिरचीचे उदाहरण पाहा. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांच्या काही उत्पादनांवर इथिलीन ऑक्साइड या निर्जंतुकीकरणाच्या रसायनाच्या अंशामुळे कारवाई केली. त्यानंतर मसाला निर्यातदाराच्या अर्जावर सरळ विचारले जाते: निर्जंतुकीकरण कोणत्या पद्धतीने होते, अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची तपासणी प्रत्येक लॉटची होते की नमुन्यादाखल, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का, आणि एखाद्या पोत्यातील मिरची कोणत्या शेतकऱ्याकडून कोणत्या तारखेला आली हे मागे जाऊन सांगता येते का. बाजार समितीत ओली मिरची ढिगावर येते आणि पथारीवर एकत्र वाळते, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुधा ‘नाही’ असे असते. तसे असेल तर तसेच लिहावे आणि त्याला पर्याय म्हणून दळणापूर्वी लॉटनिहाय तपासणीचे अहवाल जोडावेत. उत्पादन उत्तरदायित्वाच्या पॉलिसीत माल परत बोलावण्याचा खर्च सहसा धरलेला नसतो, हेही येथे पक्के समजून घ्यावे. कंटेनर बंदरावर अडवला, नष्ट केला किंवा दुकानांतून माल उचलावा लागला, तर त्यासाठी उत्पादन परत बोलावणीचा स्वतंत्र विमा लागतो आणि तो सहज मिळत नाही.

पाईप, ठिबक आणि प्लास्टिक चटई बनवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पीव्हीसी पाईपमधील शिशाच्या स्थिरकांबाबत केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले, त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या पाईपसाठी कच्च्या मालाचे प्रमाणपत्र जोडणे शहाणपणाचे ठरते. ठिबकच्या बाबतीत मुख्य अडचण इजेची नसते. ठिबक फुटून कोणाचे डोके फुटत नाही, पण ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, चोंदून केळीचा बाग करपतो आणि शेतकरी उत्पन्नाची भरपाई मागतो. उत्पादनाने अपेक्षित काम केले नाही एवढ्याच कारणाने झालेले आर्थिक नुकसान बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असते.

रावेर-यावल पट्ट्यातील टिश्यू कल्चर रोपांच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत टोकदार होतो. रोपांतून कुकुंबर मोझॅक विषाणू आला असे म्हणत एका गावातील पंचवीस शेतकरी ग्राहक आयोगात गेले, तर रोपवाटिकेसमोर पंचवीस वेगवेगळे दावे उभे राहतात. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात मान्य केले आहे. हे पंचवीस दावे म्हणजे पॉलिसीच्या दृष्टीने एक घटना की पंचवीस, यावर प्रत्येक वेळी वजावट, म्हणजे दाव्यातील आपण स्वतः सोसायचा हिस्सा, कापायची की एकदाच, हे ठरते. ‘एकाच मूळ कारणातून आलेले सर्व दावे एक मानले जातील’ असा कलम पॉलिसीत आहे का, हे रोपवाटिकेने पहिल्यांदा पाहावे. विषाणू, रोग आणि उगवणशक्ती यांविषयीची वगळणूक काढून घेता येते का, हे त्यानंतर विचारावे. ती पूर्णपणे निघत नसेल तर काही कंपन्या कमी मर्यादेपुरती ती शिथिल करतात. सरसकट पॉलिसी घेऊन हे वाक्य न वाचणाऱ्या रोपवाटिकेने माझ्या मते हप्ता वाया घालवला आहे.

निर्यातदारांसाठी आणखी एक तारीख. युरोपीय संघाचा नवा उत्पादन उत्तरदायित्व निर्देश ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या मालाला लागू होणार आहे आणि त्यात सॉफ्टवेअरही उत्पादन मानले आहे. मोबाइलवरून चालणारा ठिबकचा स्वयंचलित नियंत्रक तिकडे पाठवणाऱ्याने आपली पॉलिसी सॉफ्टवेअरच्या दोषाला धरते का, हे आतापासूनच विचारावे.

चौथी पायरी: ऑर्डरच्या मागची बारीक अक्षरे वाचा

खरेदीदाराच्या ऑर्डरच्या शेवटच्या पानावर बहुधा असे वाक्य असते की ‘पुरवठादार खरेदीदाराला सर्व प्रकारच्या नुकसानीपासून, कारण काहीही असो, मुक्त ठेवील’. सही करताना त्याकडे कोणी पाहत नाही. कायद्याने जे उत्तरदायित्व आपल्यावर आले असते त्यापेक्षा जास्त उत्तरदायित्व करार करून अंगावर घेतले, तर ते जास्तीचे उत्तरदायित्व पॉलिसीत सहसा वगळलेले असते. म्हणजे खरेदीदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा भुर्दंडही आपल्यावर आणि त्याला विम्याचा आधार नाही. अशी ऑर्डर आली तर ‘पुरवठादाराच्या दोषामुळे झालेल्या नुकसानीपुरते’ एवढे शब्द घालून घ्यावेत. मोठ्या कंपनीने ते मान्य केले नाही, तर ऑर्डरची प्रत ब्रोकरमार्फत अंडररायटरला दाखवून लेखी उत्तर घ्यावे.

अमेरिकेला माल जात असेल तर ‘अधिकारक्षेत्र’ हा शब्द हप्त्यापेक्षा महत्त्वाचा ठरतो. पॉलिसी फक्त भारतापुरती, अमेरिका-कॅनडा वगळून जगभर, किंवा त्यांच्यासह जगभर अशा तीन प्रकारांत मिळते. तेथील ज्युरी एका खटल्यात एक कोटी डॉलरच्या वर भरपाई देते तेव्हा विमाक्षेत्रात त्याला ‘न्यूक्लिअर व्हर्डिक्ट’ म्हणतात. अशा निकालांमुळे आणि खटल्यांना बाहेरून पैसा पुरवणाऱ्या गुंतवणूकदारांमुळे फेरविमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचीच जोखीम उचलणाऱ्या कंपन्यांनी, हात आखडता घेतला आहे. भारतीय कंपनी आपल्याला नकार देते त्यामागे बऱ्याचदा तिच्या फेरविमादाराची अट असते. त्यामुळे माल थेट जात नसून मुंबईच्या निर्यातदारामार्फत जातो, तरीही तो शेवटी अमेरिकेत पोहोचतो हे माहीत असेल, तर ते सांगावे.

पाचवी पायरी: नव्या वगळणुकी शोधा

२०२२ पासून बहुतांश सर्वसाधारण विमा उत्पादने कंपन्यांना आधी बाजारात आणून मग नियामकाकडे नोंदवता येतात. त्यामुळे एकाच नावाच्या दोन पॉलिसींतील शब्द वेगळे असू शकतात. दोन कोटेशनमधील हप्त्यांची तुलना करण्याआधी वगळणुकींची पाने शेजारी ठेवावीत.

प्रदूषणाच्या बाबतीत अचानक आणि अपघाताने झालेली गळती जादा हप्ता भरून मिळू शकते, पण हळूहळू जमिनीत मुरलेले सांडपाणी सहसा धरले जात नाही. शेजारच्या विहिरीचे पाणी दहा वर्षांत बिघडले, तर तो दुसऱ्या प्रकारात जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल किंवा नारिंगी वर्गातल्या उद्योगाने संमतिपत्राच्या अटी आणि सांडपाण्याचे अहवाल जोडावेत. पीएफएएस नावाच्या, निसर्गात न विघटणाऱ्या रसायनांची सरसकट वगळणूक आता जगभर येत असून चिकटपणा न येऊ देणारे लेप वापरणाऱ्यांनी पुरवठादाराकडून लेखी खुलासा घ्यावा.

सायबरचा धोका सामान्य उत्तरदायित्व पॉलिसींतून पद्धतशीरपणे बाहेर काढला गेला आहे, त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. सराफ बाजारातील पेढीकडे हजारो ग्राहकांचे पॅन आणि फोन क्रमांक असतात, रुग्णालयाकडे त्याहून नाजूक माहिती असते. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. सरकारी दंड पॉलिसीतून मिळेल असे गृहीत धरू नये. तपासाचा, वकिलाचा आणि ग्राहकांना कळवण्याचा खर्च मिळतो का, ते पाहावे. बॅकअप वेगळ्या ठिकाणी आहे का आणि पैसे पाठवताना खातेबदलाची खात्री फोनवरून होते का, हे दोन प्रश्न हमखास येतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी अमेरिकेतील प्रमाणित शब्दरचनेत २०२६ पासून वगळणुकीचे पर्याय आले आहेत. आपल्याकडे हा विषय अजून पुढचा आहे. तोवर प्रतवारी किंवा दर्जा तपासणीचे काम यंत्राच्या निर्णयावर सोडले असेल तर तेवढे अर्जात नमूद करावे.

सहावी पायरी: कोटेशन असे वाचा

उत्पादन आणि औद्योगिक उत्तरदायित्वाच्या अनेक भारतीय पॉलिसी ‘क्लेम्स-मेड’ धर्तीच्या असतात. म्हणजे दावा पॉलिसी चालू असताना आला पाहिजे आणि मूळ घटना पॉलिसीवर लिहिलेल्या मागील तारखेनंतरची असली पाहिजे. ही मागील तारीख म्हणजे रेट्रोॲक्टिव्ह डेट. समजा, २०२१ पासून पॉलिसी आहे आणि यंदा स्वस्त मिळते म्हणून कंपनी बदलली, पण नव्या कागदावर मागील तारीख २०२६ ची पडली, तर मधल्या वर्षांत विकलेल्या मालाचे संरक्षण एका आकड्याने गेले. कंपनी बदलताना जुनी तारीख कायम असल्याचे लेखी घेतल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडू नये.

भरपाईची मर्यादा दोन आकड्यांत असते: एका अपघातासाठी आणि पूर्ण वर्षासाठी. एकास एक प्रमाण, म्हणजे दोन्ही आकडे सारखेच, घेतले तर पहिल्याच मोठ्या अपघातात वर्षाची पुंजी संपू शकते. वकिलाचा खर्च या मर्यादेतूनच वजा होतो की वेगळा मिळतो, हेही विचारावे. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आधी मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, म्हणून ‘चेक उद्या पाठवतो’ या भरवशावर माल रवाना करू नये.

सातवी पायरी: घटना घडल्यावर

घटना किंवा नोटीस आल्याबरोबर, दावा दाखल होण्याची वाट न पाहता, कंपनीला लेखी कळवावे. गावातील वातावरण शांत करण्यासाठी ‘चूक आमचीच, सगळे भरून देऊ’ असे लिहून देऊ नये, कारण कंपनीच्या संमतीविना मान्य केलेले उत्तरदायित्व पॉलिसी बहुधा स्वीकारत नाही. जखमींना दवाखान्यात नेणे, तातडीचा खर्च करणे ही माणुसकी आहे आणि ती थांबवू नये, फक्त पावत्या जपाव्यात. सदोष लॉटचे नमुने सीलबंद ठेवावेत, सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी उतरवून घ्यावे आणि कारखान्यात हे काम कोणाचे, ते नावासह आधीच ठरवून ठेवावे.

दावा नाकारला गेला तर पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करावी. उत्तर समाधानकारक नसेल किंवा ३० दिवसांत आले नाही, तर एकल मालकीच्या पेढीला आणि सूक्ष्म उद्योगाला विमा लोकपालाकडे जाता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तेथे वकील लागत नाही, शुल्क नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा होतो. मात्र कंपनीने नकार कळवल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत. भागीदारी पेढी किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर आपले उद्यम प्रमाणपत्र सूक्ष्म वर्गाचे आहे का, हे आधी पाहून ठेवावे. लघु किंवा मध्यम वर्गातील उद्योगाला ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय हाच मार्ग उरतो.